चार कॅप्सूल आणि एक दाढ

परदेशी जाणाऱ्यांना लसी देणाऱ्या केंद्रात मी अठरा वर्षं नर्स आहे. टायफॉईडच्या कॅप्सूल हातावर ठेवण्याआधी प्रत्येकाला विचारायचंच असतं, "सध्या कुठलं अँटिबायोटिक चालू आहे का?" ही लस जिवंत जंतूंची. अँटिबायोटिक पोटात गेलं की ते मरतात आणि लस फुकट जाते. नवरा म्हणतो, मी झोपेतसुद्धा हाच प्रश्न विचारते.

धाकट्या भावाला तेवढा विचारला नाही. तो विहिरी खोदणाऱ्या मशीनवरचा फोरमन. परदेशात वर्षभराचं काम मिळालं. एवढा दांडगा गडी, पण सुईच्या नावानं पाय लटपटतात, म्हणून कॅप्सूल. एक दिवसाआड, उपाशीपोटी, मी समोर बसवून चारही गिळायला लावल्या. त्याच आठवड्यात त्याची दाढ ठणकली. घरात मीच डॉक्टर! कपाटातलं अँटिबायोटिक काढून मीच पाच दिवस दिलं.

त्याला जाऊन महिना झाला. आज एक आजोबा माझ्या प्रश्नावर म्हणाले, "घेतोय ना, दाढेसाठी. चालेल?"

"नाही चालत," मी म्हणाले, आणि मला भावाची दाढ आठवली.

मागच्या खोलीत जाऊन त्याला फोन लावला.

"पाणी कुठलं पितोस रे?"

"टाकीतलं. सगळेच पितात. आणि मला काय होतंय? ताईची लस आहे!"

लस घेतली तरी पाणी उकळूनच प्यायचं, हे मी निघताना दहादा बजावलं होतं. आता कुठल्या तोंडानं रागावणार? सगळं सांगून टाकलं. माझीच चूक, मला अक्कल नाही, हेही म्हणाले.

"जाऊ दे गं. आजपासून उकळून पितो. मग तर झालं?"

"अंगात कणकण वगैरे नाही ना?"

माझा भाऊ विषय टाळणाऱ्यातला नाही. त्यानं उलट मलाच विचारलं, जेवलीस का.

"पाच दिवस ताप आहे," शेवटी म्हणाला. "संध्याकाळी चढतो. तू उगाच घाबरशील म्हणून बोललो नाही."

"डॉक्टर?"

"शहरात. गाडी शनिवारी येते."

आज मंगळवार. आत्ताच्या आत्ता साहेबांना सांग, गाडी मागव, रक्त तपासून घे, मी केंद्रातल्या आवाजात सांगत सुटले. तो "हो ताई, हो ताई" म्हणत राहिला, लहानपणी म्हणायचा तसा.

"ताई, रडू नकोस ना," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते, ते मला फोनवर ऐकू येत होतं.