नीलाने हातात न दिलेला पुठ्ठा

मी एक जुना पुठ्ठा आहे. डोक्यावर लोखंडी चाप, पाठीवर नीलाचा दहावीचा बैठक क्रमांक. मित्रांनो, परीक्षा संपली आणि मी कपाटामागे धूळ खात पडलो. पुढे नीला एका आरोग्य संस्थेत लागली, तेव्हा तिने मला पुसून बाहेर काढलं. मला कोण आनंद झाला!

आमचं काम घाटकोपरच्या एका ऑर्केस्ट्रा बारमध्ये. गिऱ्हाइकं यायला लागली की त्यांना शरीरसंबंधांबद्दल विचारायचं. माझ्या चापात लावलेल्या प्रश्नांच्या कागदावर नाव नाही, नुसता नंबर. लाजेचे प्रश्न मोठ्याने वाचायचे नाहीत, पुठ्ठाच माणसाच्या हातात द्यायचा. ‘कंडोम वापरता का?’ या प्रश्नापुढे ‘नेहमी’ सोडून दुसरी खूण केली की त्याला एचआयव्हीच्या फुकट रक्ततपासणीची चिठ्ठी मिळे. भलेभले घाम पुसत खूण करायचे. मला मोठा अभिमान वाटे.

एकदा कोपऱ्यातल्या टेबलाशी गेलो, तर समोर श्यामसुंदरकाका! मुलुंडला नीलाच्या खालच्याच मजल्यावर राहणारे. दोघांचेही चेहरे पडले.

काकांनी हात पुढे केला. “दे इकडे, मी भरतो.”

“राहू द्या हो काका, तुमचं काय भरायचं? मी करते ना.”

त्यांची बोटं माझ्या कडेवर टेकली होती. नीलाने मला ओढून घेतलं, ‘नेहमी’वर खूण केली आणि तिथून पळच काढला. चिठ्ठी दिलीच नाही. काका काहीतरी सांगणार होते हो! आणि मी मुकाट तिची खोटी खूण छातीवर घेऊन निघालो.

सात महिन्यांनी माधुरीकाकू, काकांच्या पत्नी, वर आल्या. हातातली फाइल त्यांनी माझ्यावरच ठेवली.

“ह्यांना एचआयव्ही निघाला गं. मलाही. डॉक्टर म्हणतात, माझी लागण अलीकडची, चार-पाच महिन्यांतली.” त्यांनी पदर तोंडाला लावला. “ह्यांना कधीपासून शंका होती म्हणे. कोणी एकाने जरी नीट विचारलं असतं ना नीला, तर सांगितलं असतं म्हणतात.”

नीला हुंदके देत राहिली. का, ते काकूंना कळलं नाही. मला कळलं.

दोघांची औषधं चालू आहेत. मीही कामावर जातो, पण तो अभिमान गेला. मित्रांनो, एवढंच मागतो. समोर आपलं माणूस आलं आणि लाज वाटली, तर खुशाल मान खाली घाला. पण मला त्याच्या हातात द्या.