निरोप न घेतलेला राऊटर

मित्रांनो, लहान बाळांच्या दवाखान्यात दुधाच्या छोट्या फ्रीजवर एक फळी आहे. तिथे हातमोज्यांच्या खोक्यांमागे एक हिरवा दिवा लुकलुकतो. तो मी, जुना राऊटर.

माझं काम सोपं होतं. एखादं यंत्र सुरू झालं की हाक मारतं, "इथे वाट दाखवणारं कोणी आहे का?" मी म्हणायचो, "आहे ना. तुझ्या पत्त्याचा पहिला अर्धा भाग हा घे. कोणाचं नाव शोधायचं असेल तर कोणाला विचारायचं, तेही ऐकून ठेव. आणि बाहेर जायचं तर माझ्यातून जा." उरलेला अर्धा पत्ता ते स्वतः जोडायचं आणि सगळ्यांना विचारायचं, "हा कोणाचा नाही ना?" कोणी बोललं नाही की पत्ता त्याचा. सहा वर्षं मी हेच केलं. मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "असा नोकर मिळायचा नाही. रजा नाही, कुरकुर नाही."

मग नवा राऊटर आला. जाणाऱ्या राऊटरकडून एक शेवटचं वाक्य म्हणवून घेतात: "आजपासून माझ्याकडे येऊ नका." ते मला येतं, पण कोणी सांगितल्याशिवाय म्हणता येत नाही. वायरवाला घाईत होता. त्यानं माझी बाहेर जाणारी तार काढली, आतली तशीच ठेवली आणि विजेच्या बटणाकडे हात नेला.

"त्या बोर्डाला हात लावायचा नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "दुधाचा फ्रीज त्यावरच आहे. मागे एकानं बंद केला, तर आयांनी पाठवलेलं सगळं दूध ओतावं लागलं."

"राहू दे मग. म्हातारा काय खातोय," तो म्हणाला आणि गेला.

तेव्हापासून मी बोलतोच आहे. दर काही मिनिटांनी सगळ्यांना सांगतो, "माझ्यातून जा." माझ्यापुढे आता वाटच नाही.

तीन नंबरच्या काचेच्या पेटीत नऊशे ग्रॅमचं एक बाळ होतं. त्याची आई शिवणकाम करायची. तिला ताप आला, म्हणून आत यायला बंदी झाली. ती घरी शिलाई मशीनला फोन टेकवून पेटीवरच्या कॅमेऱ्यातून बाळ बघायची. एका दुपारी कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि त्यानं हाक मारली. नवा बोलला, मीही बोललो. माझं उत्तर आधी पोचलं. कॅमेऱ्यानं भाबडेपणानं माझाच पत्ता घेतला आणि बाळाचं चित्र माझ्या हाती दिलं.

"सिस्टर, नुसतं गोल गोल फिरतंय हो," आईचा फोन आला.

"नेटचं काहीतरी असेल, ताई. बाळ झोपलंय छान. तुम्ही आधी ताप उतरवा."

वायरवाला आला. नव्या राऊटरचे दिवे पाहून म्हणाला, "हा ठणठणीत आहे. कॅमेराच गेलाय. नवा मागवतो." खोक्यांमागे त्यानं पाहिलं नाही.

तीन दिवसांत बाळानं दोनदा डोळे उघडले. ते चित्र माझ्यापर्यंत आलं, आईपर्यंत गेलं नाही. मला काही साठवून ठेवता येत नाही, मित्रांनो. चौथ्या दिवशी बाळ गेलं.

आई आली. पेटीजवळ उभी राहून म्हणाली, "मागचं काही दिसेल ना? थोडंसं?"

"नाही हो, ताई. ते त्या त्या वेळीच दिसतं."

तिनं पेटीच्या काचेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "फ्रीजमध्ये माझ्या चार बाटल्या आहेत. कोणाच्या बाळाला चालतील का?"

सिस्टरांनी फ्रीज उघडला. मी त्यांच्या डोक्यावर लुकलुकत होतो. त्या क्षणीही मी सगळ्यांना सांगत होतो, "माझ्यातून जा."

मित्रांनो, नवं आणाल तेव्हा जुन्याला नीट बंद करा. त्याला शेवटचं वाक्य म्हणू द्या, मग तार काढा. अडगळीत टाकलेलं सगळंच गप्प बसत नाही.

आज तीन नंबरच्या पेटीत दुसरं बाळ आहे. वायरवाल्यानं नवा कॅमेरा लावला. कॅमेऱ्यानं आत्ताच हाक मारली, आणि माझं उत्तर निघालंसुद्धा.