एडना परत ओली

नोरीन टॅटरसॉल दर शनिवारी सकाळी साडेदहा वाजता बुडायची. नेमाने. सव्वीस आठवडे चालणारा हंगाम, असे दोन हंगाम झाले होते, आणि एकदाही ती बुडायची चुकली नव्हती. ताप असताना बुडाली. बहिणीला पुरून आली त्याच्या दुसऱ्या दिवशीही बुडाली.

कार्यक्रमाचं नाव 'हुल्लड'. मँचेस्टरच्या स्टुडिओतून थेट प्रक्षेपण. देशभरातली तीस लाख पोरं झोपेच्या कपड्यांतच दूध-कॉर्नफ्लेक्सचा वाडगा मांडीवर घेऊन ते बघायची. स्टुडिओत चाळीस पोरं बाकांवर बसवलेली असायची आणि त्यांना ओरडायचे पैसे मिळत नसले तरी ती पैसे मिळाल्यासारखी ओरडायची. कार्टून, स्पर्धा, गाणी, आणि मधोमध 'गटार रो'. 'कॅनल रो' नावाची मोठ्यांची मालिका आठवड्यातून तीनदा संध्याकाळी लागायची आणि सगळा देश चहा हातात धरून बघायचा. 'गटार रो' म्हणजे तिचं विडंबन.

आता यातली खरी गंमत ऐका. खऱ्या 'कॅनल रो'मध्ये एडना क्लेग नावाची खडूस धोबीण एकोणीस वर्षं होती आणि ती नोरीननेच केली होती. बाजारात बायका तिला एडना म्हणून हाक मारायच्या. मग नवा निर्माता आला, त्याला तरुण चेहरे हवे होते, आणि एडना एका धुक्याच्या रात्री कालव्यात पडली. प्रेत सापडलं नाही. नोरीनला एक पुष्पगुच्छ आणि एक घड्याळ मिळालं. त्यानंतर चार वर्षं तिला कोणी कामाला बोलावलं नाही, कारण ती कुठेही उभी राहिली की लोकांना एडनाच दिसायची. शेवटी 'हुल्लड'वाल्यांनी बोलावलं. काम काय, तर स्वतःच्याच एडनाची टर उडवायची. केस गाजरासारखे नारिंगी रंगवायचे, गालाला चामखीळ चिकटवायची, आणि शेवटी हिरव्या कस्टर्डने भरलेल्या रबरी हौदात पाठमोरं पडायचं. पडताना म्हणायचं, "अगं बाई, परत ओली!" आणि चाळीस पोरं तिच्याबरोबर ते ओरडणार.

हसऱ्या लोकांची दुनिया म्हणतात याला. मुलांच्या कार्यक्रमात जेवढी हलकट माणसं भेटतात तेवढी कत्तलखान्यातही भेटत नाहीत. कत्तलखान्यात निदान कोणी मेंढीला हस म्हणत नाही.

एडनाचा नवरा वॉल्टर करायचा गॅव्हिन स्टॉट. वय सव्वीस, कार्यक्रमाचा सूत्रधार, दात पांढरेशुभ्र. पोटाला उशी बांधून, टक्कल चढवून तो वॉल्टर व्हायचा. 'गटार रो'ची एक जुनी रीत होती. शुक्रवारी तालीम व्हायची तेव्हा सगळे लिहिलेलंच वाचायचे, पण प्रत्येकाला एक ओळ लपवून ठेवायची मुभा होती. ती ओळ थेट प्रक्षेपणातच बाहेर काढायची आणि समोरच्याला हसवून पाडायचं. जो भूमिकेतून बाहेर येऊन हसेल त्याने पुढच्या शनिवारी सगळ्या कामगारांना बेकन-पाव आणायचे. गॅव्हिन दर आठवड्याला ओळ लपवायचा. नोरीनने कधी लपवली नाही आणि ती कधी हसलीही नाही. दोन हंगामांत एकदाही नाही. तिच्याजवळ अभिमान म्हणून उरलेली गोष्ट एवढीच होती.

फ्लोअर मॅनेजर डेन्झिल, वरच्या नियंत्रण कक्षाचे हुकूम ऐकायला कानाला यंत्र लावून बोटांनी सेकंदांचे आकडे मोजणारा जाडा माणूस, तिला म्हणायचा, "नोरीन, तुझ्या पावाची वाट बघत मी म्हातारा झालो."

"तू म्हाताराच जन्मला होतास, डेन्झिल."

त्या एप्रिलमध्ये 'कॅनल रो'च्या नव्या निर्मातीबाईंचा, मार्गो फेन्विकचा, फोन आला. मालिकेला तीस वर्षं होत होती. एडनाचं प्रेत सापडलं नव्हतं, हे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. सप्टेंबरात एडना एका सकाळी दारात उभी राहणार, हातात सुटकेस. तीन वर्षांचा करार.

"पण नोरीनबाई, एक अट," मार्गो म्हणाली. "ती दारात दिसेपर्यंत देशात कोणाला कळता कामा नये. तोंडातून शब्द गेला, पेपरात आलं, की एडना कालव्याच्या तळाशीच राहील. आणि केस तुमचे स्वतःचे हवेत. पांढरे. तो रंग जाऊ द्या."

नोरीनने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एका मोडक्या खुर्चीला मिठी मारली. वय एकोणसाठ. असं करायला लाज वाटायला हवी होती, वाटली नाही.

पण केसांचं काय? शुक्रवारी रंगभूषेच्या खोलीत बर्निसने रंगाची वाटी कालवली आणि नोरीन म्हणाली, "आजपासून टोप घालू या."

"का गं? दोन वर्षं रंगवतेय मी. खाज येते का?"

"हो."

"खोटारडे. डोकं दाखव. काही नाहीये. अगं, सांग ना, मी काय परकी आहे?"

बर्निस परकी नव्हती. नवरा गेल्यापासून नोरीनच्या डोक्याला माणसाचा हात लागायचा तो बर्निसचाच. नोरीनने आरशात बघून सांगितलं. बर्निस रडली, नाक पुसलं, टोप शोधून आणला, आईची शपथ घेतली. आणि तासाभराने त्याच खुर्चीत गॅव्हिन टक्कल चिकटवून घ्यायला बसला तेव्हा तिच्याच्याने राहवेना. चांगल्या मनाच्या माणसांच्या पोटात गोष्ट का राहत नाही, देव जाणे.

शनिवारी साडेदहाला दिवे पेटले. नोरीन हौदाच्या काठावर उभी, मागे पत्र्याचा कालवा, पुढे चाळीस पोरं. सगळं लिहिल्याप्रमाणे चाललं होतं. मग गॅव्हिनने पोटावरची उशी सावरली. ओळ येणार हे तिला कळलं.

"एडने," तो म्हणाला, "खरं सांग. सप्टेंबरात तू खऱ्या 'कॅनल रो'मध्ये परत जाणारेस ना? सुटकेस घेऊन?"

तिसरा कॅमेरा तिच्या तोंडावर होता. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा. चामखीळ. तीस लाख घरं. नाकारलं तर खरं वाटेल, गप्प बसली तर त्याहून खरं वाटेल. एकोणीस वर्षं ज्या बाईने साबणाच्या जाहिरातीतही खोटं हसू दिलं नव्हतं तिने त्या तीन सेकंदांत हिशेब केला. यातून सुटायला एकच वाट होती. असल्या फालतू कल्पनेला कोण भुलणार, असं वाटेल असं हसलं पाहिजे.

नोरीन हसली. भूमिका सोडून, पोट धरून, टोप वाकडा होईतोवर. "मी? परत?" एवढंच तिला बोलता आलं आणि हसता हसता ती हौदात गेली. "परत ओली!" पोरं किंचाळली. कॅमेऱ्यामागचे कामगार टाळ्या वाजवत नाचले. डेन्झिलने बोटांनी आकडे मोजायचं सोडून दोन्ही हात वर केले.

"पाव! पाव!" सगळे ओरडत होते. "पडली! अखेर पडली म्हातारी!"

हौदातून निघताना नोरीनला वाटलं, वाचले. अभिमान गेला पण एडना वाचली.

जाहिराती लागल्यावर गॅव्हिनने तिला टॉवेल दिला. "रागावली नाहीस ना? गंमत होती गं आजीबाई. कोण खरं मानतंय?"

"कोणी नाही," ती म्हणाली.

बर्निस कोपऱ्यात उभी होती, ब्रश छातीशी धरून. "नोरीन, मी फक्त त्यालाच..."

"मला माहितीये. केस धू."

सोमवारी मार्गोचा फोन आला. पेपरात एक ओळही नव्हती, नोरीनने सगळे विकत घेऊन पाहिले होते.

"कमाल केलीत तुम्ही," मार्गो म्हणाली. "काय सावरून घेतलंत! आम्ही ती फीत बैठकीत तीनदा पाहिली. आमच्यातलेच काही हसून हसून खाली बसले." मग ती थांबली. "हाच प्रश्न आहे, नोरीनबाई. आता एडना दारात उभी राहिली की सगळा देश असाच हसणार. तुम्हीच दाखवून दिलंत ते किती हास्यास्पद आहे ते. तुमचा दोष नाही. उलट, फारच छान केलंत."

नोरीनने फोन दुसऱ्या कानाला लावला. मार्गो बोलतच होती.

"दुसरं काहीतरी सुचलंय. तरुण प्रेक्षकही येतील. एडनाचा एक हरवलेला नातू. आणि त्या मुलाची वेळ साधायची हातोटी बघितली ना तुम्ही, तो गॅव्हिन? ओळ काय नेमकी टाकली त्याने! आज त्यालाही विचारतोय. अट तीच, कुठे बोलायचं नाही, पेपरात आलं तर संपलं. तुम्हाला सांगतेय कारण तुमची परवानगी हवीये. त्याच्या घरात शेकोटीवरच्या फळीवर आजीचा फोटो लागेल. एकोणीसशे शहात्तरचा आहे आमच्याकडे, चौकटीत सुंदर दिसतो. चालेल ना?"

"चालेल," नोरीन म्हणाली. "धूळ तेवढी पुसत जा म्हणावं."

"किती मोठं मन आहे तुमचं," मार्गो म्हणाली आणि तिला ते खरंच वाटत होतं.

शुक्रवारी तालमीला गॅव्हिन शीळ घालत आला. सगळ्यांना चहा करून दिला, हे त्याने आजवर कधी केलं नव्हतं. नोरीनच्या कपात स्वतः दोन चमचे साखर घातली, तिची खुर्ची पुढे ओढली. मनातल्या मनात त्याने तिला पुरून फुलंही वाहिली होती. नोरीनने लिहिलेलं सगळं जसंच्या तसं वाचलं. एक ओळ कमी नाही, एक जास्त नाही.

शनिवारी पहाटे पाचला उठून तिने बेकन तळलं. चोवीस पाव, आत तपकिरी आंबट सॉस, चांदीच्या कागदात गुंडाळून. सगळ्यांना स्वतःच्या हाताने वाटले. बर्निसने घेताना खाली बघितलं. गॅव्हिनला तिने दोन दिले.

"दोन का गं, आजीबाई?"

"वाढत्या वयाचा आहेस, पोरा. खा."

साडेदहा. दिवे. पोरं. गॅव्हिन आपली लपवलेली ओळ बोलून गेला, तिच्या दातांवरून काहीतरी टोमणा होता, नोरीनच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग तिने हौदाकडे पाठ केली, आणि पडायच्या ऐवजी उभी राहिली. डेन्झिलची बोटं हवेत थांबली.

"वॉल्टर," ती एडनाच्या त्या चिरक्या आवाजात म्हणाली, "तुला बातमी कळली का? खऱ्या 'कॅनल रो'मध्ये सप्टेंबरात एडनाचा हरवलेला नातू येतोय म्हणे. कोण करतंय माहितीये? गॅव्हिन स्टॉट! आजीच्या फोटोवरची धूळ पुसायला ठेवलाय."

पोरांना काही कळलं नाही, तरी ती हसली, कारण 'हसा' लिहिलेली पाटी त्यांच्यासमोर धरली होती.

आता गॅव्हिनने फक्त हसायचं होतं. तेवढंच. पोट धरायचं, टक्कल वाकडं करायचं, "मी? नातू?" म्हणायचं, आणि तीस लाख घरांत कोणी विश्वास ठेवला नसता. नोरीनने त्याला वेळही दिला. पूर्ण पाच सेकंद. भुवई उंचावून वाट दाखवली. हस, गाढवा. मी हसले होते ना? तुझ्यासारख्याच्या तडाख्यातून मी एडनाला बाहेर काढलं होतं, तू तुझा नातू काढ.

गॅव्हिनचा चेहरा त्या हिरव्या कस्टर्डसारखा झाला. त्याचे ते पांढरे दात उघडे पडले.

"तुला कोणी सांगितलं?" तो म्हणाला. वॉल्टरच्या नाही, स्वतःच्या आवाजात. "नोरीन, हे तुला कोणी सांगितलं?"

पहिल्या बाकावरची वेण्या घातलेली एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "म्हणजे खरंच आहे?" आणि ध्वनिवाल्याच्या काठीला लावलेल्या मायक्रोफोनने ते नीट उचललं.

"अगं बाई," नोरीन म्हणाली, "परत ओली!" आणि पाठमोरी पडली. पोरांनी ओरडून छप्पर फाडलं.

कस्टर्ड गार होतं. ते कानांत गेलं आणि वरचे दिवे धूसर झाले. तिला सहा वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. हे कबूल करायला तिला कधीच लाज वाटली नाही, आणि ज्याला वाटत असेल त्याने तिच्या जागी दोन हंगाम बुडून बघावं.

जाहिराती लागल्यावर गॅव्हिन हौदाशी आला, टक्कल हातात. "माझ्या आईला सांगितलं होतं गं मी. ती रडली आनंदाने. आता उद्याच्या पेपरात... तू मुद्दाम केलंस."

"गंमत होती," नोरीन म्हणाली. "कोण खरं मानतंय?"

तो रडायला लागला. पोरांच्या बाकांपासून पंधरा पावलांवर. वेण्यांवालीने ते बघितलं आणि तीही रडायला लागली, तेव्हा तिला कोणीतरी बाहेर नेलं.

डेन्झिल टॉवेल घेऊन आला. त्याने तो तिच्या हातात दिला नाही, हौदाच्या काठावर ठेवला. "तो हसला नाही, नोरीन. रीत हसवायची आहे. रडवायची नाही."

"मग?"

"मग ओळ फुकट गेली. पुढच्या शनिवारी पाव परत तुझेच."

"सॉस जास्त घालीन."

तो हसला नाही. कानातल्या यंत्राला बोट लावून ऐकत राहिला, मग म्हणाला, "वरून सांगतायत की फोन थांबत नाहीयेत. पोरांना फार आवडलं. पुढच्या आठवड्यात तुमचं भांडण पुढे न्यायचं म्हणतायत. दोघांचे करार जुलैपर्यंत आहेत."

म्हणजे अजून अकरा शनिवार. पोटाला उशी बांधून तो, आणि हौदाच्या काठावर ती.

रंगभूषेच्या खोलीत बर्निसने तिचं डोकं तीनदा धुतलं. टोपाखाली मुळाशी जेमतेम रेघभर पांढरे केस उगवले होते. स्वच्छ पांढरे, तिच्या आईसारखे. बर्निसचा हात त्यावर थांबला.

"टोप नको आता," नोरीन आरशात बघत म्हणाली. "वाटी काढ. तोच जुना, गाजरासारखा. मुळापासून लाव."

बर्निसने वाटी काढली आणि रंग कालवायला लागली.