चौकडीच्या गोधडीतलं लुगडं

चौकडीचं कापड गोधडीला फार सोयीचं. खडूने रेघ मारायला नको की दोरा ताणून खूण करायला नको. सुई गडद घरात बुडवायची, शेजारच्या फिक्या घरात वर काढायची, की टाका आपोआप सरळ. ज्या बाईला एवढंही जमत नाही तिने गोधडीच्या वाटेला जाऊ नये, असं मी तोंडावर सांगते. म्हणून सुरतेत, लिंबायतच्या आमच्या गल्लीत माझ्याकडे शिकायला कुणी टिकत नाही.

पर्वत पाटियाजवळ शाळेच्या गणवेशांचा एक कारखाना आहे. तिथे शर्टांचं कापड बेतलं की उरलेल्या चौकडीच्या पट्ट्या मी पोत्यात भरून आणते. पहिल्यांदा गेले तेव्हा शेठ म्हणाला, "लई जाव बेन, आ तो कचरो छे." त्या कचऱ्याच्या गोधड्यांत आज अर्ध्या गल्लीची पोरं झोपतात. पट्ट्या जोडून वरचा आणि खालचा पदर करायचा, मध्ये जुन्या साड्या अंथरायच्या, आणि कडेपासून आत आत टाके घालत यायचं. सगळी मेहनत वरून दिसते, ऊब मात्र आतल्या जुन्या साडीची असते. नवं कापड कधी ऊब देत नाही, हे मी माझ्या अनुभवाने सांगते.

दुसऱ्यांच्या पोरांसाठी शिवायचं आणि घरी येऊन रिकाम्या खोलीत जेवायचं, असं माझं बरीच वर्षं चाललं होतं. मूल झालं नाही. दवाखाने झाले, देव झाले, नवस झाले, शेवटी त्याबद्दल बोलणंही बंद झालं. माझा नवरा भूपेंद्र कापडाच्या लूमवर कामाला जातो, स्वभावाने गरीब. निदान मी तरी त्याला गरीब समजत होते.

आमचं घर खालच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर माझा धाकटा दीर हेमराज, त्याची बायको जयश्री, त्यांची दोन पोरं आणि सासूबाई. जयश्रीला तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती डोक्याला हात लावून बसली. दोनच तिला आवरत नव्हती. एका रविवारी सासूबाईंनी सगळ्यांना वर बोलावलं आणि माझ्याकडे बघून आमच्या अहिराणीत म्हणाल्या, "भागीरथी, यंदा जे व्हई ते तुना पदरमा."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी हेमराजकडे पाहिलं, तो मान हलवत होता. जयश्रीकडे पाहिलं. तिने माझा हात धरला. "लई ले भाभी. तुनंच शे ते."

मी रडले. चारचौघांत मी कधी रडत नाही, पण तेव्हा पदर तोंडात कोंबून रडले.

तरी माझ्या मनात पाल चुकचुकत होती. बोलणं आज आहे, उद्या नाही. दत्तकाचा कागद वगैरे आमच्यात कुणी करत नाही, घरातलं घरात राहतं. म्हणून मी सासूबाईंना दुसऱ्या दिवशी मुद्दाम विचारलं, "आत्याबाई, बाळाच्या गोधडीत कुणाचं लुगडं घालू?"

हा प्रश्न साधा नव्हता. आमच्या घरची रीत आहे, बाळाची पहिली गोधडी शिवायची तर तिच्या पोटात आईचंच अंगावरचं लुगडं घालायचं. आजीचं नाही, मावशीचं नाही. पाचवीच्या दिवशी बाळाला त्या गोधडीवर निजवतात, तोवर जुन्या धडप्यात गुंडाळून ठेवतात. सटवाई नशीब लिहायला येते तेव्हा बाळ कुणाचं हे तिला त्या लुगड्यावरून कळतं, असं म्हणतात. सासूबाईंनी त्यांच्या दोन्ही मुलांच्या वेळी हेच केलं, आणि जयश्रीच्या दोन्ही पोरांच्या गोधड्या मीच शिवल्या, तिची साडी आत घालून.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुनंच घाल. जी माय व्हई तिनंच लुगडं लागस."

झालं. माझ्यासाठी हाच कागद आणि हाच शिक्का. एवढं ऐकल्यावर मी पुन्हा कुणाला काही विचारलं नाही. माझी चूक झाली ती इथे. रीत कधी खोटं बोलत नाही असं मी धरून चालले. रीत पाळणारी माणसं खोटं बोलू शकतात, हे लक्षात घेतलं नाही.

सुरतेत साड्यांना तोटा नाही, पण सगळ्या पॉलिस्टरच्या. गोधडीत पॉलिस्टर घातलं की सुई सरकते, आतल्या आत थर घसरतात, हात फिरवला की सरसर आवाज येतो आणि बाळाला घाम फुटतो. माझ्याकडे एकच सुती लुगडं होतं, घरात नेसून नेसून मलईसारखं मऊ झालेलं. तेच घेतलं. ऊन दिलं, घड्या घातल्या. वरून निळी चौकडी, खालून गुलाबी, म्हणजे मुलगा होवो की मुलगी, कुणी नाक मुरडायला नको. एवढे बारीक टाके मी गिऱ्हाइकाच्या गोधडीला कधी घातले नाहीत. प्रत्येक गडद घरात सुई, एक घर सुटलं नाही.

शिवता शिवता गल्लीभर सांगितलं. का नाही सांगायचं? इतकी वर्षं लोकांची बारशी जेवले, आता माझ्याकडे जेवायला या म्हटलं. शेजारची मंगलाबाई परभणीकडची, तिने तर मला आधीच डिंकाचे लाडू करून दिले. मी म्हटलं, अगं बाळंतीण मी नाही. ती म्हणाली, "मग काय झालं, आई तर हायेस."

आणि जयश्रीचं म्हणाल तर मी तिला जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. वर जाऊन स्वयंपाक करायचे, तिच्या पोरांना शाळेत सोडायचे, सरकारी दवाखान्यात रांगेत तिच्यासाठी उभी राहायचे, संध्याकाळी तिच्या सुजलेल्या पायांना तेल लावायचे. सातव्या महिन्यात ती बारडोलीला भावाकडे चार दिवस राहून आली. आल्यापासून गप्प. आठव्या महिन्यापासून तर दुपारी दार लावून झोपायची. मला वाटलं, जड झाली आहे, बिचारी. मी खाली तिच्यासाठी खीर ढवळत असायचे आणि वर तिचं दार बंद असायचं. सातवा सरता सरता गोधडी पुरी झाली, तेव्हाच मी ती सासूबाईंच्या हातात दिली होती, बाळ येईपर्यंत ट्रंकेत ठेवायला. त्यांनी ती घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, चांगली झाली. बस, एवढंच.

मुलगी झाली. दवाखान्यात नर्सने तिला पहिल्यांदा माझ्याच हातात दिलं, कारण दाराशी मीच उभी होते. बारशाच्या दिवशी ती खाली माझ्याकडे यायची असं ठरलेलं. तोवर दूध जयश्रीकडेच. मला काही घाई नव्हती. इतकी वर्षं थांबले तिथे आणखी बारशापर्यंत थांबायला काय हरकत होती?

पाचवीला संध्याकाळी वर पूजा मांडली. पाटा-वरवंटा, हळदकुंकू, नैवेद्य. मी नवी साडी नेसले होते. सासूबाईंनी ट्रंकेतून गोधडी काढून सुपात अंथरली, वर बाळाला निजवलं. मी पुढे होऊन बाळाच्या पायाशी गोधडीची कड सारखी करायला हात लावला.

सर्र आवाज झाला.

हात तिथेच थांबला. मी पुन्हा दाबून पाहिलं. गार, निसरडं लागलं, आतले थर बोटांखाली घसरत होते. मग टाक्यांकडे पाहिलं. लांब लांब टाके, वाकडे. कुठे फिक्या घरात शिरलेले, कुठे दोन घरं ओलांडून गेलेले. गोधडी माझीच, निळी चौकडी माझीच, पण एकही टाका माझा नव्हता. गडद घरांत मात्र सुईची बारीक भोकं दिसत होती, माझ्या टाक्यांची, सगळी रिकामी. अख्खी गोधडी उसवून कुणीतरी पुन्हा शिवली होती. एका कोपऱ्यात शिवण सैल होती, तिथून आतली हिरवी किनार डोकावत होती. ती साडी मी ओळखते. जयश्रीने ती दिवाळीला घेतली तेव्हा मीच सोबत होते.

म्हणजे दुपारचं दार झोपेसाठी बंद नव्हतं.

मी वर पाहिलं. जयश्री भिंतीकडे बघत होती. हेमराज उदबत्ती लावण्यात फारच गढला होता. सासूबाई म्हणाल्या, "पूजा व्हऊ दे."

"नको," मी म्हटलं. "आधी हे सांगा."

शेवटी जयश्रीच बोलली, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत तेवढीच एक खरं बोलली. "भाभी, माले नही जमनं. पोटमा हालाले लागनी ना, मंग माले नही जमनं." असं म्हणून ती रडायला लागली.

तिचा मला राग आला नाही असं म्हणणार नाही. आला, चांगलाच आला. पण तिचं मूल, तिचं पोट. नाही द्यायचं तर नको देऊ, आई आहेस. मी काय हिसकावून नेणार होते? पण मग खाली येऊन सांगायचं. एक दिवस रडले असते, दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागले असते. मला न सांगता माझे टाके उसवत बसायचं हे कुठलं शहाणपण?

सासूबाई उठल्या, कपाटातून एक घडी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. माझं लुगडं. धुतलेलं, इस्त्री केलेलं. "तुनं लुगडं खराब नही व्हवू दिन्हं. धोईसन ठेयेल शे."

लुगडं खराब होऊ दिलं नाही! मी ते हातात घेतलं आणि मला हसू आलं. हसू म्हणजे ते कसलं हसू. या बाईने लुगड्याची काळजी घेतली होती.

मग मी नवऱ्याकडे वळले. भूपेंद्र दाराशी उभा होता, चपला घालाव्यात की नाही या विचारात असल्यासारखा. तो चकित झालेला नव्हता. माझं काळीज तिथे फाटलं. एवढं सगळं झालं आणि माझा माणूस चकित झाला नव्हता.

"तुले माहीत व्हतं?"

त्याने चपला पायात सरकवल्या.

"कव्हयपासून?"

"ती बारडोलीथीन वनी तव्हयपासून."

सातव्या महिन्यापासून. म्हणजे मी गोधडी शिवत होते तेव्हा हा समोर बसून जेवत होता. मी याला विचारलं होतं, मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं. याने दोन नावं सुचवलीसुद्धा होती.

"माले काब्र नही सांगं?"

आणि तेव्हा त्याने जे उत्तर दिलं ते त्याने दिलं नसतं तर बरं झालं असतं. अगदी साधेपणाने, समजावल्यासारखं तो म्हणाला, "सांगं असतं ते तू तिनी सेवा करी असती का? मंग तिले कोन देखतं?"

म्हणजे सगळ्यांनी बसून हिशेब लावला होता. भागीरथीला आशा आहे तोवर ती राबेल. पोळ्या लाटेल, पाय चेपेल, रांगेत उभी राहील. बाळंतपण पार पडलं की मग बघू. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात ते परक्यांबद्दल. इथे वैद्य घरचाच होता, आणि माझ्या माणसाने केसाने गळा कापला होता. चिडचिडी म्हणून मी गल्लीत प्रसिद्ध आहे, पण त्या वेळी मी भांडले नाही. कारण त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला माहीत होतं. केली असती. शिव्या घालत, भांडी आपटत का होईना, मी जयश्रीची सेवा केली असती. एवढ्या वर्षांत या माणसाला माझ्याबद्दल एवढंही कळलं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मंगलाबाई आली, मागोमाग गल्लीतल्या आणखी दोघी. मंगलाबाईच्या हातात झबलं, टोपडं आणि नारळ. आल्या आल्या सरळ माझ्यापाशी येऊन तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं. "भागीरथीबाई, लेक आली! पेढे कुठायत? पदर धर, ओटी भरते तुझी."

मी घरातल्या सगळ्यांकडे पाहिलं. एकेकाकडे, नीट. आता तरी कुणी बोलेल. सासूबाई देवाकडे बघत होत्या. हेमराज उदबत्तीची राख झटकत होता. भूपेंद्रची नजर पायातल्या चपलांवर. सगळे थांबले होते, आणि कशासाठी थांबले होते हे मला लख्ख कळलं. हेही काम मीच करावं म्हणून.

"पदर धर ना," मंगलाबाई पुन्हा म्हणाली. नारळ तिने पुढे केला होता.

मी माझा पदर कमरेला खोचला, हात वर केला आणि जयश्रीकडे बोट दाखवलं.

"आई ती आहे," मी म्हटलं. "तिची ओटी भर."