सुभेदारांची नवी बॅटरी

आमचे सुभेदार दुकानात शिरले की आधी विचारतात, "माल दणकट हाय का?" फौजेतून घरी येऊन केस पिकले, तरी ही खोड गेली नाही. त्यांनी आणलेली कढई रिकामीसुद्धा मला एका हाताने उचलत नाही. भांडून भांडून मी थकले.

आज माझ्या डायलिसिससाठी सांगलीला निघालो होतो. आमची गाडी आता तेवढ्यापुरतीच निघते, एरवी हे मोटरसायकलवर फिरतात. इस्लामपुरात चहाला थांबलो आणि गाडी पुन्हा चालूच होईना. नुसती टक टक. समोरच बॅटरीचं दुकान होतं म्हणून बरं, पण मी चिडलेच.

"कवाधरनं सांगतीय, बॅटरी बदला म्हणून! तिकडं माझा नंबर जाईल की!"

एरवी यांनी मला चार शब्द उलट सुनावले असते. आज नुसतं बॉनेट उघडलं. मागच्या खेपेला डॉक्टरांनी यांना एकट्याला आत बोलावलं, तेव्हापासून हे असेच आहेत. विचारलं तर म्हणाले होते, "रिपोर्ट चांगलं हायेत."

त्यांनी घड्याळ आणि अंगठी काढून माझ्या हातात दिली. अंगठी पान्याला टेकली तर बोट भाजतं म्हणे. ओळखीचा दुकानदार तात्याबा पुढे आला, पण त्याला हात लावू देतील तर ते सुभेदार कसले! त्यांनी आधी मायनसची वायर सोडली, मग प्लसची. वायरींच्या टोकांवरची पांढरी बुरशी सोड्याच्या पाण्याने घासली आणि जुनी बॅटरी न कलंडवता उचलून खाली ठेवली.

तात्याबाने नवी पुढे केली. "ही घ्या सुभेदार, पाच वर्सं वॉरंटी. लय दणकट!"

मी खिडकीतून ऐकत होते. म्हटलं, झालं, हीच घेणार.

"दुसरी?"

"तीन वर्साची हाय."

"त्याच्यापेक्षा कमी?"

"दीड वर्साची. पर तुमी आन् असला माल?"

यांनी माप बघितलं, प्लस त्याच बाजूला आहे ना ते बघितलं. भाव विचारलाच नाही. "हीच द्या," म्हणाले.

दीड वर्ष. तेवढंसुद्धा त्यांना माझ्यासाठी जास्तच वाटत असेल.

त्यांनी प्लस जोडला, मग मायनस, बॅटरी हलत नाही ना ते बघितलं. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. अंगठीसाठी त्यांनी हात पुढे केला.

"रिपोर्ट चांगलं हायेत न्हवं?" मी विचारलं.

"व्हय."

"मग पाच वर्साची का न्हाई घेतली?"

सुभेदारांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि ते भर रस्त्यात हमसून हमसून रडायला लागले. मला रडूसुद्धा येईना. त्यांच्या बोटात अंगठी मीच घातली.

"चला," मी म्हणाले. "नंबर जाईल."