ताण

माझी धाकटी जाऊ सुनयना माहेरी निघाली, तेव्हा मला मनातून आनंदच झाला. बहिणीच्या बाळंतपणाला जात होती, दीड महिना येणार नव्हती. आमचं नेरडीगोंड्याचं घर एक, परसबाग एक, पण लिंबोणीची झाडं दोन. एकाच दिवशी लावलेली. तिचं फळांनी वाकायचं, माझं नुसतं पाल्यानं माजायचं. सासूबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या, "सुनयनाच्या हाताले गुन हाय." माझ्या हाताला काय किडे पडले होते? वीस वर्षं याच हातची भाकरी खातात.

जाताना सुनयना म्हणाली, "जाऊबाई, उन्हाळा सरत आला. वाळल्या फांद्या छाटजा, आळं खुरपजा, शेनखत टाकजा. अन् माया लिंबोनीले एक दिवसाआड पानी देजा."

"हाव, हाव," मी म्हटलं.

फांद्या छाटल्या. वाळल्यांबरोबर चार हिरव्याही उडवल्या. आळं इतकं खोल खुरपलं की मुळ्या उघड्या पडल्या, आणि तसंच उन्हात ठेवलं. पाणी थेंबभर नाही. तिच्या झाडाची बादलीही माझ्याच झाडाला. तिची पानं गळायला लागली, तसं मला गार वाटलं.

"काऊन वं जयवंता, हे झाड असं काऊन दिसून राह्यलं?" सासूबाईंनी विचारलं.

"ऊन लागलं, आत्याबाई."

पण झाड पार बोडखं झालं, तेव्हा माझीच तंतरली. घाईघाईनं शेणखत टाकलं, आळं बुजवलं, बादल्यांवर बादल्या ओतल्या. मग पाऊसही लागला. आणि सुनयना यायच्या चार दिवस आधी ते मेलं झाड काडी-काडीला पांढऱ्या फुलांनी भरून गेलं. माझी भूकच मेली.

सुनयना आली ती चपला न काढता थेट परसात गेली.

"जाऊबाई! तुमी ताण देल्ला? पानी तोडलं झाडाचं?"

कुणी सांगितलं हिला? वाटलं, आता लपवून काय उपयोग.

"हाव, देल्ला! मुद्दाम तोडलं पानी. मुळ्या बी मीनंच उघड्या केल्या."

"मुद्दामच तोडा लागते!" ती टाळी वाजवून हसली. "आमच्या वरुडाकडे संत्र्याले असाच ताण देतात. झाड तहानलं का बहार धरते. मायी तं हिंमतच होत नव्हती."

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "जयवंताच्या हाताले बी गुन हाय, बापा!"

एवढंच तर ऐकायचं होतं मला इतकी वर्षं. पण लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त जळफळाट झाला. फुलं शेवटी तिच्याच झाडाला होती.

"मंग तुमच्या झाडाले काऊन नाई देल्ला ताण?" सुनयनानं विचारलं.

दोन झाडांचं पाणी पिऊन माझी लिंबोणी हिरवीगार उभी होती. फूल एक नाही.

"त्याले तहानलेलं पायवलं नाई मले," माझ्या तोंडून निघून गेलं.

सुनयना माझ्याकडे बघत राहिली. तिचं हसू हळूहळू गेलं.