धाकटीचं कुलूप

सुगी लागली की थोरलीचं घर उजाडायच्या आधीच जागं व्हायचं. तिला स्वतःला कुठं जायचं नसायचं. खुबा मोडून सात वर्षं झाली होती आणि डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला होता. समोरचं माणूस उंच की बुटकं एवढं कळायचं, चेहरा कळायचा नाही. पण गाव कापणीला निघायचं ते तिच्या ओट्यावरून. विळा, डबा, पाण्याचा कॅन सांभाळत एकेक जण यायचा, घराची किल्ली तिच्या तळहातावर ठेवायचा आणि पुढे व्हायचा. थोरली ती चाचपायची, दाराशेजारच्या फळीवर अडकवायची. फळीवर एकोणीस खिळे होते. कुठली किल्ली कुठल्या खिळ्याची हे तिला डोळ्यांनी कधी बघावं लागलं नाही. गिरणीवाल्याची जाड आणि पिठानं बुळबुळीत. सुताराची वाकडी. धाकटीची लांब, मधला दात अर्धा झिजलेला.

ही पद्धत धाकटीमुळेच पडली होती. धाकटी म्हणजे तिची जाऊ, समोरच्याच घरातली. एका सुगीत पेंढ्या बांधताना तिच्या कमरेची किल्ली सुटली आणि कुठल्यातरी पेंढीत बांधली गेली. नवऱ्यानं अंधार पडेपर्यंत चाळीस पेंढ्या सोडल्या आणि दर पेंढीला बायकोच्या माहेरचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी धाकटीनं किल्ली थोरलीकडे दिली. बघून बघून बाकीच्यांनीही दिल्या.

"मावशी, ही माझी," गिरणीवाला म्हणायचा. त्याचंही रान होतं, सुगीत तो दुपारपर्यंत गिरणी बंद ठेवायचा. "चोर आला तर सांग त्याला, पीठ सोडून काही मिळायचं नाही."

"पीठच ने म्हणेन. तुझ्या दळणात खडे असतात, त्याचे दात तरी पडतील."

संध्याकाळी सगळे परत यायचे, तेव्हा अंगाला वाळल्या काडाचा वास असायचा. किल्ली घेताना कुणी तिचा हंडा भरून ठेवायचं, कुणी चार काटक्या टाकायचं. कुणाची पोर आजारी, कुणाची पेंढी ओली राहिली, सगळं तिला बसल्या जागी कळायचं. दिवसातून दोनदा एकोणीस माणसं तिचा हात धरायची. सुगीचा तो महिना ती वर्षभर पुरवून वापरायची.

त्या वर्षी कापणी सुरू झाली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या पटांगणात जमादार आला. पोरगेलासा, चौकीत नवीन. येताना छापील कागद घेऊन आला होता आणि तो त्यानं वरपासून खालपर्यंत वाचला. पटांगण थोरलीच्या घरापासून लांब, त्यामुळं ती गेली नव्हती. लाउडस्पीकरची नुसती घरघर तिला ऐकू आली.

सकाळी धाकटी ओट्यापाशी थांबली. थोरलीनं सवयीनं हात पुढं केला. हात रिकामाच राहिला.

"अक्का, आजपासून किल्ली मी माझ्याजवळच ठेवते."

"का गं?"

"काल जमादार सांगून गेला. सुगीत घरं रिकामी असतात, चोरांना ठाऊक असतं म्हणाला. पलीकडच्या गावात तीन घरं फुटली. किल्ली कुणाकडं ठेवू नका. शेजाऱ्याकडंसुद्धा नाही."

"मी शेजारी झाले होय तुझी?"

"तसं नाही अक्का. त्याच्या कागदावरच लिहिलंय."

"अजून काय लिहिलंय?"

"अजून बरंच होतं. मी मागं बसले होते, सगळं कुठं ऐकू येतंय." धाकटीनं विळा या हातातून त्या हातात घेतला. "जाते मी. ऊन चढेल."

थोरलीनं हात मागं घेतला आणि पदरात ठेवला.

त्या दिवशी अकरा किल्ल्या आल्या. दुसऱ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी गिरणीवाला नुसताच आला, उगाच खोकला आणि म्हणाला, "मावशी, माझं काही नाही गं. घरात बाई ऐकत नाही."

"बरोबर आहे तिचं. सरकारी माणूस सांगतो ते उगाच सांगत नाही."

"तुला राग नाही ना?"

"कसला राग? माझी बोटं तरी पिठापासून सुटली."

तो हसला नाही. तीही नाही. फळी हातानं पुसून काढावी म्हणून तिनं एकेका खिळ्यावरून बोट फिरवलं. खिळे थंड होते. संध्याकाळी माणसं आली ती सरळ आपापल्या घरात गेली. कुलपं उघडल्याचे आवाज तेवढे आले. पहिलं सुताराचं, मग गिरणीवाल्याचं. हंड्यात पाणी तळाला गेलं होतं. तिनं भिंत धरत धरत अर्धी कळशी आणली, त्यातली निम्मी वाटेत सांडली.

सहाव्या दिवशी, ऊन डोक्यावर असताना, समोर धाकटीच्या दाराशी कुणीतरी आलं. थोरली ओट्यावर वाती वळत बसली होती. उंच माणूस, एवढं तिला दिसलं. भांडं दगडावर घासल्यासारखा बारीक आवाज झाला. मग कुलूप.

धाकटीचं कुलूप तिला स्वतःच्या गळ्यातल्या आवाजासारखं ओळखीचं होतं. किल्ली आधी अडायची, अर्ध्या वाटेवर खरखरायची, मग दोनदा टकटक करून सुटायची. जोर केला, तार घातली, दुसरी किल्ली लावली तर तसं होणं शक्यच नव्हतं. ती खरखर आणि त्यानंतरची टकटक तिनं नीट ऐकली आणि तिचा जीव निवांत झाला. घरातलंच कुणीतरी.

दर सुगीत धाकटीचं शिवायचं हातमशीन रिकामं असायचं, म्हणून तिचा भाचा बाजाराच्या गावाहून येऊन ते साफसफाईला न्यायचा. तोही उंच होता.

"मशीन न्यायला आलास का रे?" तिनं हाक दिली.

आत हालचाल थांबली. मग आवाज आला, "हो मावशी."

"मग बॉबिनचा डबा पण ने. कोनाड्यात आहे. सुगीआधी टाका सोडतंय म्हणत होती." जरा थांबून तिला आठवलं. "आणि खुंटीवरची मोठी कात्री घेऊन जा. धार गेलीय तिची."

"बरं मावशी."

तो बाहेर आला, काहीतरी जड खांद्यावर घेतलेला. कुलूप लावून गेला. दोन दिवसांनी कुणीतरी दोन शब्द बोललं होतं. ती पुन्हा वातींकडे वळली तेव्हा तिला बरं वाटत होतं.

संध्याकाळी धाकटी ओरडली नाही. आतून बाहेर आली आणि दारातच बसली. मशीन गेलं होतं. सुगी संपली की गावातले कपडे तिच्याकडे यायचे, घरचं तेल-मीठ त्या मशीनवर चालायचं. नवऱ्यानं सगळ्या गावाला गोळा केलं. कुलूप शाबूत, कडी शाबूत.

"किल्ली कुठं होती?" कुणीतरी विचारलं.

"कमरेला," धाकटी म्हणाली. "दिवसभर कमरेला होती माझ्या."

 मग गर्दीतून सुताराच्या बायकोचा आवाज, हळू पण थोरलीच्या ओट्यापर्यंत येईल एवढा. "किल्ली सहा वर्षं दर सुगीत तिकडंच टांगलेली होती. साबणात ठसा घ्यायला किती वेळ लागतो."

"तोंड आवर," गिरणीवाला म्हणाला.

"मी कुणाचं नाव घेतलं का?"

थोरली आत गेली आणि दार लोटून बसली. दुपारचा तो आवाज तिनं मनात परत परत लावून बघितला. हो मावशी. बरं मावशी. भाचा तिला मावशी म्हणत नसे, मोठ्याई म्हणायचा. हे तिला आता आठवलं.

जमादार दुसऱ्या दिवशी सकाळी आला. धाकटी, तिचा नवरा आणि चार माणसं त्याच्यामागं ओट्यापाशी उभी राहिली. त्यानं टोपी काढून काखेत धरली.

"मावशी, काल दुपारी तुम्ही इथंच होता. कुणाला पाहिलंत?"

"पाहिलं नाही. मला दिसत नाही."

तिला एवढ्यावर थांबता आलं असतं. आंधळ्या बाईला पुढं कुणी काही विचारलं नसतं.

"पण ऐकलं," ती म्हणाली. "त्यानं कुलूप त्या कुलपाच्याच किल्लीनं उघडलं. धाकटीच्या किल्लीनं. आधी भांडं सरकवल्याचा आवाज झाला."

जमादार धाकटीकडं वळला. "बाई, किल्ली नक्की कमरेला होती?"

धाकटी बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "पालथ्या घागरीखाली ठेवायचे," ती म्हणाली. "कमरेची एकदा गेली होती माझ्या. भीती वाटायची. येऊन बघितलं तर जागेवर होती, म्हणून म्हटलं..."

नवऱ्यानं तोंड फिरवलं. सुताराची बायको मागच्या मागं सटकली.

"अजून आहे," थोरली म्हणाली. "मी बोलले त्याच्याशी. मशीन न्यायला आलास का म्हणून मीच विचारलं. त्याला सुचायच्या आधी मी सुचवलं. बॉबिनचा डबा कुठं आहे ते सांगितलं. कात्री सांगितली."

"कात्रीसुद्धा, अक्का?"

"कात्रीसुद्धा."

जमादारानं खिशातून घडी केलेला कागद काढला. "अनोळखी माणसाला घरातल्या वस्तूंची माहिती देऊ नये. हे तिसऱ्या क्रमांकाला होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"मला एवढंच कळलं की किल्ल्या माझ्याकडं ठेवायच्या नाहीत."

बाकीचे गेल्यावरही तो गेला नाही. पायरीवर बसला आणि त्यानं तो कागद तिला पहिल्यापासून वाचून दाखवला, पटांगणात वाचला असेल तसाच, सरळ आवाजात. किल्ली दगडाखाली, वळचणीला, भांड्याखाली ठेवू नये. मळ्यात जाताना शेजाऱ्यांनी आळीपाळीनं एक माणूस गावात ठेवावा. धान्याच्या राशीवर राखण असावी. ती मान हलवत ऐकत होती.

"आणि शेवटचं," तो म्हणाला. "एकट्या राहणाऱ्या वृद्धांची रोज सकाळ-संध्याकाळ विचारपूस करावी."

"हे त्या दिवशी वाचलं होतंस?"

"वाचलं होतं मावशी."

"मोठ्यानं?"

"लाउडस्पीकर होता." त्यानं कागदाची घडी घातली, परत उलगडली. "लोक तोपर्यंत उठायला लागले होते."

मशीन सापडलं नाही. कापणी संपली, पेंढ्या खळ्यावर गेल्या, रानात नुसते बुडखे उरले. धाकटी दारात बसून हातानं शिवायला लागली. सुई कापडातून जायची तो आवाज एवढा बारीक की थोरलीला कधी ऐकू यायचा, कधी नाही. मध्ये रस्ता होता, दहा पावलांचा. दोघींपैकी कुणीच तो ओलांडत नव्हतं.

मळणीच्या शेवटच्या दिवशी दुपारी पावलं आली. थोरलीनं ओळखली, पण मान वर केली नाही. धाकटीनं आधी हंडा उचलला, भरून आणला, जागेवर ठेवला. मग शेजारी बसली.

"नवीन कुलूप आणलंय," ती म्हणाली. "उद्यापासून कडब्याला जायचंय."

"बरं केलंस."

"किल्ली कुठं ठेवू?"

"जमादारानं सांगितलंय ना."

"त्याला विचारून आले. माणूस बघून ठेवा म्हणाला."

थोरली हसली, पण हसणं पुरं झालं नाही. "मग दिसणारं माणूस बघ. मी चोराला कात्री दिली गं. माझ्या कानांचा आता मलाच भरवसा नाही."

"आणि मी घागरीखाली ठेवून गावासमोर खोटं बोलले. त्या बाईनं तुझं नाव काढलं तेव्हाही गप्प बसले."  धाकटीनं नाक पदराला पुसलं आणि थोरलीचा हात ओढून त्यात कुलूप ठेवलं. नुसती किल्ली नाही, कुलूपच. जड, गार, तेलाचा वास येणारं. थोरलीनं किल्लीचे दात मोजले. सगळे अख्खे, सगळे धारदार. ओळखीचं काही नव्हतं.

"लाव," ती म्हणाली. "माझ्या कानाशी धरून लाव."

धाकटीनं कुलूप तिच्या कानाजवळ नेलं आणि किल्ली फिरवली. नवं कुलूप तेलात भिजलेलं, लोण्यातून फिरावं तशी किल्ली फिरली.

"आलं ऐकू?"

"नाही. पुन्हा फिरव."

तिनं उघडलं. लावलं. परत उघडलं.

"आता?"

थोरलीनं मान कलती करून डोळे मिटले. रस्त्यावरून कडब्याची गाडी गेली. ती पुरती लांब जाईपर्यंत दोघी थांबून राहिल्या.

"पुन्हा," ती म्हणाली. "हळू फिरव."